दुपारच्या आत

बायणाच्या किनाऱ्यापासून दोन गल्ल्या वर,
बोटींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या माथ्यावर
आमची मंडळी भरते.
लोखंडी जिना, एकोणीस पायऱ्या,
आणि किल्ली माझ्याकडे.

पेलेही माझ्याकडे.
अंगठ्याएवढे, काचेचे, सत्तेचाळीस.
अठ्ठेचाळीस होते; एक सुवार्ताच्या हातून फुटला
ती आजारी पडली त्या वर्षी,
आणि ती पेल्यासाठी रडली, आजारासाठी नाही.
आता शनिवारी रात्री मीच धुतो ते,
रेल्वेत चौतीस वर्षं सांधे बदललेल्या हातांनी.
धुऊन पालथे घातले तरी सकाळी
त्यांच्या बुडावर काळी साय.
बंदरातला कोळसा
उपासनेची वेळ पाहून उडत नाही.

फाल्गुनात शिगम्याचे ढोल
सरळ प्रवचनात शिरायचे.
सुंदरप्पा त्याच ठेक्यावर पाय हलवायचा,
मग बायकोकडे बघून थांबवायचा.
झावळ्यांच्या रविवारी मुलं
घरमालकीण एस्पेरांसाबाईंच्या माडाखाली उभी राहिली
पडलेल्या झावळ्या वेचत, तर ती वरून ओरडली:
‘देवाक दितात न्हय? मागीर पाचवी व्हरात,
सुकी म्हज्या चुलीक.’

उत्तम शुक्रवारी सात वचनं सात जणांनी सांगितली,
चार मराठीत, दोन कानडीत,
आणि ‘मला तहान लागली आहे’ तेलुगूत,
गोदीतल्या वेल्डरने.
पंखा बंद होता. सगळ्यांना समजलं.

शनिवारी मात्र घोटाळा.
हुबळीहून येणाऱ्या द्राक्षरसाच्या बाटल्या
बससकट अनमोड घाटात बंद पडल्या.
या गावात दारू दर कोपऱ्यावर,
न आंबलेला रस औषधालाही नाही.
मी सहा दुकानं फिरलो.
सातव्याने मला बसायला खुर्ची दिली
आणि विचारलं, घरात कोण गेलं?

पुनरुत्थानाच्या पहाटे वाळूत खुर्च्या मांडल्या.
समुद्र अजून राखाडी, जहाजांचे दिवे जळत होते,
गिटारीच्या तारा दमट हवेने उतरलेल्या.
पाळक उबाळे गीताचा आकडा सांगता सांगता अडखळले;
कॉन्फरन्सची यादी लागली होती,
पुढचा रविवार त्यांचा सोलापुरात.
तेवढ्यात केतुरा आली,
वाळपईच्या दवाखान्यातली रात्रपाळी उतरून,
दुधाच्या गाडीतून, पांढऱ्या गणवेशात,
मांडीवर धरून आणलेला स्टीलचा डबा घेऊन.
‘निरो आहे. काजूच्या बोंडांचा.
रात्रभर ठिबकलेला, ताजा.’

पाळकांनी झाकण उघडून वास घेतला.
‘आंबला तर?’
‘दुपारपर्यंत धरेल.’
मागून रूथम्मा म्हणाली,
‘आपण तरी कुठे दुपारच्या पुढे धरतो, पाळकसाहेब?’
पहिल्यांदा हसले ते उबाळेच.
मग त्यांनी डब्यावर हात ठेवला
आणि बराच वेळ काढला नाही.

मी ओतत गेलो.
पारदर्शक, किंचित दुधी,
घशाला हलकी चरचर.
सुंदरप्पाच्या धाकट्याने जीभ चाटली
आणि आणखी मागितला; आईने दटावलं.
सूर्य डोंगरामागून आला, समुद्रातून नाही,
आमची तोंडं उलट्या बाजूला.
खुर्च्या फिरवण्यात एक कडवं गेलं.

मोजले तर माणसं अठ्ठेचाळीस.
मी झाकणातून प्यालो.
सुवार्ता असती तर रागावली असती.

जेवणं झाली, इडल्या संपल्या,
पाळकांची ट्रंक कुणीतरी टेम्पोत चढवली.
उन्हं डोक्यावर आली तेव्हा डबा उघडला
तर तळातून बारीक बुडबुडे वर येत होते.
ओतून द्यायला मन होईना.
एस्पेरांसाबाईंच्या दारात नेला.
तिने वास घेतला, बोट बुडवलं,
‘आतां हो म्हजो जालो,’ म्हणाली.

संध्याकाळी डबा परत आला, घासलेला,
रिकामा देऊ नये म्हणून
आत पाच कैऱ्या.